सोपानतात्यांनी केलेलं बाळंतपण

सोपानतात्या माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते लिंबाच्या झाडाकडं बघत.

आमच्या ह्यांची बदली ईट गावच्या शाळेत झाली होती. गावाच्या कडेला, तात्यांच्या मेंढवाड्याला लागून, आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सामान लावून होतंय न होतंय तोच एका सकाळी हे उंच, काटक म्हातारबा अंगणात येऊन उभे राहिले. डोक्याला तांबडा फेटा, उन्हाळा असूनही खांद्यावर घोंगडी. माझ्याकडं न बघता झाडाला म्हणाले, "बाई, एक इचारायचं हुतं. सून सकाळधरनं ओकायलीय. हे असं चालतं का वं, का दवाखान्यात न्यावं?"

"कितवा महिना आहे तिला?" मी विचारलं.

तात्यांनी त्या फांदीवरची नजर काढून दुसऱ्या फांदीवर नेली. "ते मला काय ठावं? म्या कसं इचारू तिला?"

त्यांच्या घरात विचारणारं दुसरं कुणी नव्हतंच. तात्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेलेली. एकुलता एक बालाजी फौजेत, कुठल्याशा लांबच्या ठाण्यावर. सून रेणुका वीस-एकविशीची, सावळी, अबोल. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती. माहेरी एक भाऊ होता, त्याचाच संसार कसाबसा चाललेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असली, तरी हिला माहेर असं उरलंच नव्हतं. त्यामुळं एक धनगर म्हातारा, एक पोटुशी सून आणि शंभराच्या आसपास मेंढरं, एवढंच ते घर होतं.

तात्यांना दोन आवाज होते. मेंढरांना हाक मारायचा आवाज माळाच्या पलीकडं जायचा. माणसांशी, त्यातही बाईमाणसाशी बोलायचा आवाज इतका बारीक की पुढं वाकून ऐकावं लागे. सुनेशी ते सरळ कधी बोलत नसत. अंगणात बसलेल्या मांजराला सांगत, "दवाखान्याच्या रिक्षाला सांगितलंय म्हणावं, दहाला येईल." आतून रेणुका म्हणे, "व्हय मामा." दोघांच्या मधल्या मांजराला गावातल्या निम्म्या गोष्टी ठाऊक असाव्यात.

दवाखान्यातल्या सिस्टरनं रेणुकाचं रक्त तपासलं आणि तोंड बारीक केलं. रक्त फार कमी होतं. घरी येऊन रेणुका मला म्हणाली, "ताई, म्या कमीच खाते. मुरुमच्या आत्यांनी फोनवर सांगितलंय, लई खाल्लं की पोर मोठं हुतंय आन बाळंतीण अडती." मुरुमच्या आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, गोदाआक्का. आई गेल्यावर तात्यांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्यांचा शब्द त्या घरात कुणी ओलांडत नसे.

मी हे तात्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढं तेच बसायला लागले. रेणुकाच्या भाकरीहून जाड, ताटाएवढ्या भाकरी थापायचे. चवळीची उसळ, शेपू, मेथीचं गरगटं, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. गावातून अंडी आणायचे. पहिल्या दिवशी रेणुका लाजून आत जाऊन बसली, तर मांजराला म्हणाले, "गाभण मेंढी उपाशी ठिवली तर मला कोण धनगर म्हणंल? म्हणावं, खा." आत रेणुका पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता ती जेवली.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, असं सिस्टरनं बजावलं होतं. दुपारी चहा झाला की रेणुकाला तलफ आवरायची नाही आणि गोळी राहून जायची. तात्यांनी दुपारचा चहाच बंद केला, स्वतःचासुद्धा. मेंढरं घेऊन माळावरनं आलेल्या माणसाला चहा सोडणं किती जड जातं, ते मी कुंपणापलीकडनं बघत होते. डोकं धरून बसायचे, पण चुलीवर आधण ठेवू द्यायचे नाहीत. रेणुकाला लिंबू पिळलेलं पाणी आणि गोळी, एवढंच.

बाळंतपण तालुक्याच्या गावी, भूमच्या सरकारी दवाखान्यात झालं. मी सोबत होते. मुलगी झाली. नर्स बाहेर येऊन सांगेपर्यंत तात्या भिंतीला टेकून उभे होते. ऐकलं आणि एकदम त्यांचा तो दुसरा आवाज निघाला, माळावरचा. "चीक पाजला का? आधी चीक पाजा लेकराला!"

अख्ख्या वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. काही जणी हसल्या. नर्सही हसली. म्हणाली, "पाजलाय बाबा, झाल्या झाल्या अंगाला लावलंय." आपण काय ओरडलो हे तात्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. घोंगडीत तोंड घालून ते जे बाहेर गेले ते संध्याकाळपर्यंत वॉर्डाकडं फिरकले नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरी परीक्षा घरी आल्यावर लागली.

गोदाआक्का कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमहून आल्या. भरदार बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, बोलण्यात निम्मी कानडी मिसळलेली. तात्यांना त्या अजून 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आल्या आल्या त्यांनी खोलीच्या खिडकीला गोधडी लावली. चुलीचा ताबा घेतला. बाळंतिणीला पाणी नाही, पालेभाजी नाही, डाळ नाही. नुसता मऊ भात, तूप आणि हिंग. पाणी प्यायलं तर पोट सुटतं आणि पोराला सर्दी होते. भाजी खाल्ली तर पोराला ढाळ लागते. तात्या बहिणीपुढं मान वर करत नसत. त्यांनी चूल सोडली आणि मेंढरांमागं गेले.

त्यातच रेणुकाला पाजता येईना. दूध भरून छाती दगडासारखी झालेली, लेकराच्या तोंडात नीट येईना. ते टोकाशीच ओढत राही आणि रेणुका कळवळे. बोंडशीला चिरा पडल्या, रक्त आलं. ती दात आवळून पाजायची, मग वेळ कमी करायला लागली, मग लेकरू रडलं की तिचं अंगच कापायला लागलं. मला म्हणाली, "ताई, लेकरू उठलं की मला भ्या वाटतंय. आई असून भ्या वाटतंय." आणि भिंतीकडं तोंड करून रडली.

लेकराचं रडणं हळूहळू कमी झालं. गोदाआक्कांना वाटलं, बरं झालं, शांत झालं. पण मला ते शांत होणं बरं वाटेना. पोर सारखी झोपून असायची. दुपट्यावर सकाळपासून ओल नव्हती. डोळ्यांत पिवळी झाक दिसत होती.

"हिला दूधच न्हाय," गोदाआक्कांनी ठरवून टाकलं. "सुकलंय. वरचं चालू करा." त्यांनी गावातल्या दुकानातून पावडरचा डबा आणि बाटली मागवली.

तात्या माळावरनं आले. त्यांनी डबा बघितला, बाटली बघितली आणि मागं मेंढवाड्यात गेले. परत आले ते लोटाभर शेळीचं दूध घेऊन. हेही मला सांगितलंच पाहिजे, कारण तात्या सगळं जाणणारे होते असा कुणाचा समज व्हायला नको. ते म्हणाले, "डब्यापरीस हे बरं. आईनं टाकलेली किती कोकरं म्या शेळीवर जगवल्यात."

मी सिस्टरला फोन करून बोलावलं होतं. ती नेमकी तेव्हाच दारात आली. तिनं लोटा बघितला आणि वाट अडवून उभी राहिली. "तात्या, हे पाजायचं नाही."

"का न्हाय? ताजं हाय, आत्ता काढलंय."

"कोकराचं पोट वेगळं, लेकराचं वेगळं. एवढ्या कोवळ्या पोटाला हे सोसायचं नाही. आणखी आजारी पडंल."

"म्या जल्मभर जित्राबं जगवलीत," तात्यांचा आवाज चढला. मी त्यांना माणसावर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "कालच्या पोरीनं मला शिकवू नये."

सिस्टर चिडली नाही. म्हणाली, "जित्राबातलं तुम्हाला विचारीन मी. हिच्यातलं मला विचारा." आणि आत गेली.

तात्या लोटा हातात धरून तसेच उभे. मग मेंढवाड्याकडं गेले आणि ते दूध कुत्र्याच्या पिल्लांपुढं ओतलं. परत येऊन उंबऱ्याबाहेर, खोलीकडं पाठ करून बसले.

आत सिस्टरनं लेकराला उघडं करून बघितलं. रेणुकाला हात लावला तर अंग तापलेलं. छातीला डाव्या बाजूला लाल चट्टा उठलेला, खाली गाठ. सिस्टर म्हणाली, "दूध भरपूर आहे. सुकलं नाही, तुंबलंय. उतरायला वाट नाही त्याला. पण लेकरू आता ओढायच्या पलीकडं चाललंय. तालुक्याला न्यावं लागंल. आत्ताच्या आत्ता."

"कुठं न्यायचं न्हाय," गोदाआक्का दारात उभ्या राहिल्या. "बाळंतीण उन्हात काढता व्हय? वारं लागंल. दूध नासलंय तिचं, ते पाजाल तर पोर जाईल. आधी ही बाटली द्या."

"दूध नासत नाही अंगात, आक्का," सिस्टर म्हणाली. "त्याच बाजूनं काढायचं असतं, तरच उतार पडतो. औषध डॉक्टर देतील, लेकराला चालंल असं. वरचं काही द्यायचं का, तेही तेच ठरवतील. पण इथं बसून नाही."

"म्या दोन लेकरं पुरलीत!" गोदाआक्का ओरडल्या. एवढ्या मोठ्या बाईचा आवाज चिरकला. "खळ्यावर गेले हुते ओली बाळंतीण. गार पाणी प्याले, वारं लागलं. दोन्ही गेली. एका मागं एक. तुमी मला सांगू नका काय हुतंय आन काय न्हाय!"

इतकी वर्षं ती बाई बाळंतिणींचं पाणी का तोडत आली, ते त्या दिवशी कळलं. तिच्या मनात दुष्टावा कधीच नव्हता. ती घाबरली होती.

तात्या उठले. बहिणीपुढं आले. मला वाटलं आता ते मान खाली घालून बाजूला होणार. मान त्यांनी खाली घातलीच, पण तिच्या पायांवर. गुडघे टेकून, फेटा उतरवून, टक्कल पडलेलं डोकं त्यांनी बहिणीच्या पायांवर ठेवलं.

"आक्का, तुमी मला वाढवलं. तुमचा शबुद म्या कधी मोडला न्हाय. आज मोडायलोय. तुमच्या लेकरांच्या वख्ताला कुणी सांगणारं नव्हतं. आज हाय. मला जाऊ द्या."

"ऊठ तम्मा."

"तुमी वाटंतनं हटा, मग उठतो."

आत लेकरू निपचित. रेणुका तिला उराशी धरून पलंगाच्या कडेला आलेली. गोदाआक्कांनी भावाच्या डोक्याकडं बघितलं, लेकराकडं बघितलं. मग दाराच्या चौकटीवरचा हात सोडला.

खव्याच्या भट्टीवर दूध पोचवणाऱ्याची पिकअप गावात उभी होती. तात्या पळत गेले आणि तिला घेऊनच आले. सिस्टरनं लेकराला रेणुकाच्या पदराआत, कातडीला कातडी लावून बांधलं आणि म्हणाली, असंच धरून ठेव, झोपू देऊ नको. पुढं रेणुका आणि मी. मागं रिकाम्या कॅनांमध्ये तात्या, आणि त्यांच्या शेजारी गोदाआक्का. त्या कधी चढून बसल्या ते मी बघितलंच नाही.

भूमचा रस्ता तेव्हा ठिकठिकाणी उखडलेला होता. दर खड्ड्याला मागचे कॅन आदळायचे आणि त्या आवाजातून तात्यांचा आवाज यायचा, "हाय का? हलती का?" मी लेकराच्या तळव्याला नख लावायचे. पाय जरा आखडला की ओरडायचे, "हाय!" एकदा तो पाय आखडला नाही. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा नख लावलं, जरा जोरात. पोरीनं कुरकुर केली. ती कुरकुर ऐकून रेणुकाला जो हुंदका फुटला, तो मी अजून विसरले नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लेकराला ताबडतोब आत घेतलं. निळ्या दिव्याखाली ठेवलं. रेणुकाला औषध सुरू झालं. तिथली नर्स गरम पाण्यात बुडवलेलं फडकं लावून, हातानं दाबून दूध वाटीत काढायची आणि चमच्यानं थेंब थेंब लेकराच्या ओठांत सोडायची. पहिल्यांदा ते कोपऱ्यातनं बाहेर आलं. दुसऱ्यांदाही आलं. तिसऱ्यांदा पोरीनं गिळलं.

डॉक्टरबाई रेणुकाला म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. पाजणं आपोआप येत नाही, शिकावं लागतं." मग त्यांनी दाखवलं: लेकराचं पोट आईच्या पोटाला, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं टोक नाही तर काळा भागही तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे. चिरांना पाजून झाल्यावरचं शेवटचं दूधच लावून वाळू द्यायचं. आणि तहान लागंल तेव्हा पाणी, भूक लागंल तेव्हा जेवण. "बाळंतिणीला एरवीपेक्षा जास्त लागतं," त्या गोदाआक्कांकडं बघून म्हणाल्या. "डाळ, पालेभाजी, अंडं, सगळं. घरात शिजतं ते."

गोदाआक्कांनी कोपऱ्यातल्या माठातून ग्लास भरला आणि रेणुकाच्या ओठांना लावला. रेणुका घटाघटा प्याली. त्यांनी दुसरा भरला. निम्मं पाणी रेणुकाच्या पदरावर सांडलं.

तात्या वॉर्डाबाहेर बाकावर. मेंढरं भावकीतल्या एकाच्या गळ्यात टाकून आलेले. रोज सकाळी पिकअपनं गावाकडं जायचे, स्वैपाक करून दुपारच्या आत परतायचे. भाकरी, मुगाचं वरण, तांदुळजा, हाळिवाचे लाडू. डबा दाराशी ठेवायचे आणि पुन्हा बाकावर. आत यायचे नाहीत. कुणी बाई बाहेर आली की विचारायचे, "आमची पिती का?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत, ऐकायची भीती.

लेकराचं वजन डॉक्टरबाईंना हवं तसं चढत नव्हतं. अजून लघवी नीट होत नाही, म्हणाल्या. आज बघू, नाहीतर मोठ्या दवाखान्यात पाठवू. त्या दिवशी बाकावर तात्या भाकरीला शिवले नाहीत. बालाजीचा फोन आला. पडद्यावर त्याचं तोंड, मागं बर्फासारखं पांढरं काहीतरी. "आबा, कशी हाय पोरगी?" तात्यांनी फोन माझ्या हातात दिला.

दुपारी रेणुकानं थोडं मोकळं हिंडावं म्हणून नर्सनं लेकराला बाहेर आणलं आणि कुणाला काही कळायच्या आत तात्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा बाबा, आजोबा आहात ना?" तात्या ताठ झाले. त्यांनी आजवर पोरीला हात लावला नव्हता. मांडीवर घोंगडी, घोंगडीवर मूठभर लेकरू. श्वास धरून बसले. मी समोरच होते.

मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यांनी हळूच घोंगडीखाली हात घातला, धोतर चाचपलं. हात वर काढून बघितला. ओला.

"मुतली!" तात्या उभे राहिले. लेकरू दोन्ही हातांत वर धरलेलं. आवाज तोच, माळावरचा. "अवो बाई, मुतली! आक्का, मुतली वो! धो धो मुतली!"

वॉर्डातून बाया धावत आल्या. या वेळी कुणी हसलं नाही. किंवा हसल्या, पण डोळे पुसत हसल्या. रेणुका दारात आली. आणि तात्यांनी मधल्या कुणालाही न सांगता, मांजराला नाही, झाडाला नाही, सरळ सुनेच्या तोंडाकडं बघून सांगितलं, "बाळा, तुझी पोरगी मुतली. तुझंच दूध हाय हे." आणि रेणुकानं दोन्ही हात पुढं करून लेकराला घेतलं.

गावी परतल्यावर गोदाआक्का महिनाभर राहिल्या. खिडकीवरची गोधडी त्यांनी स्वतः काढली. चूल मात्र भावाला दिली नाही. पण आता त्या चुलीवर डाळ शिजायची, शेपू शिजायचा, आणि बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. लेकरासाठी मागवलेल्या त्या दुधाच्या बाटलीतून त्या नंतर दिव्यात तेल घालायच्या. आणि गावात कुणाची सून पोटुशी आहे कळलं की तात्या त्या घरच्या पुरुषांना पारावर गाठत. बायांशी ते बोलणार नव्हतेच. पण पुरुषांना दटावून विचारत, "सून काय खाती? गोळ्या घेती का? न्हाय माहीत? मग घरात करतो काय तू?" तरणे पोरगे त्यांना बघून वाट बदलायला लागले होते.

आमची बदली धाराशिवला झाली. मी गाव सोडल्यावर एका हिवाळ्यात मेंढरांमागं असतानाच तात्या गेले. रेणुकानं फोन करून कळवलं. त्यांना मी शेवटचं बघितलं ते आम्ही सामान भरून निघालो त्या सकाळी.

टेम्पो माळाच्या वळणावर आला. कडेच्या उतारावर मेंढरं पसरलेली, आणि मधोमध तात्या. खांद्यावर नात, चांगली गुबगुबीत, पाय त्यांच्या छातीवर लोंबकळणारे. आमचा टेम्पो बघून त्यांना हात करायचा होता, पण दोन्ही हातांनी तिचे पाय घट्ट धरलेले. ते नुसतेच माझ्याकडं बघत उभे राहिले. चांगले सरळ, डोळ्यांत डोळे घालून. तेवढ्यात पोरीनं त्यांच्या फेट्याचं टोक ओढलं आणि तो तांबडा फेटा पदरापदरानं सुटत वाऱ्यावर लांबत गेला. तात्यांनी तिचे पाय सोडले नाहीत. फेटा मेंढरांवर पडला, मेंढरं बिचकून पांगली, आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मला त्यांचं ते उघडं डोकं आणि त्यावर टेकलेले पोरीचे दोन हात दिसत राहिले.